साइडवॉक हासुद्धा रस्ताच आहे

शिकागोमधला माझा हा चौदावा हिवाळा. पहिला मोठा स्नो पडला की आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये एक विषय हमखास निघतो, की साइडवॉक, म्हणजे घरासमोरचा फुटपाथ, साफ करायचा कोणी. कोणी म्हणतं ज्याचं घर त्याने करावं, त्यात काय एवढं, आपल्याकडे रोज सकाळी उठून दारापुढचं अंगण झाडून सडा घालतातच की. कोणी म्हणतं एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो तो कशासाठी मग, सिटीने, म्हणजे महापालिकेने, करावं. मी बरीच वर्षं पहिल्या बाजूला होते आणि अगदी मनापासून होते, कारण मी स्वतः सकाळी सहाला उठून शॉव्हल करणारी, म्हणजे फावड्याने बर्फ काढणारी, बाई आहे आणि जो करत नाही त्याचा मला राग यायचा, अजूनही येतो. पण आता माझं मत बदललंय. गाड्यांच्या रस्त्यावरचा बर्फ काढणं जसं सिटीचं काम आहे तसंच साइडवॉकवरचा काढणंही सिटीचंच काम असायला हवं, आणि ते घराघरावर वाटून देऊन आपण म्हाताऱ्या, अपंग, लेकुरवाळ्या माणसांना तीन-चार महिने घरात बसवून ठेवतोय. का ते सांगते.

आधी कायदा काय आहे ते बघू, कारण इथे वीस वर्षं राहिलेल्या लोकांनासुद्धा तो धड माहीत नसतो. शिकागोत घर असो, दुकान असो, ऑफिस असो, त्याला लागून असलेल्या साइडवॉकवरचा बर्फ काढायची जबाबदारी त्या मालकाची. सकाळी ७ ते संध्याकाळी ७ या वेळात पडलेला स्नो रात्री १० च्या आत काढायचा, रात्रभरात पडलेला सकाळी १० च्या आत, आणि हे आठवड्याचे सातही दिवस. निदान ५ फूट रुंदीची वाट झाली पाहिजे, म्हणजे व्हीलचेअर किंवा स्ट्रोलर (लहान मुलांची ढकलगाडी) नीट जाऊ शकेल. तुमचं घर कॉर्नरला असेल तर क्रॉसिंगला उतरायचा जो रॅम्प असतो तोही तुम्हीच साफ करायचा. काढलेला बर्फ रस्त्यावर, ऍलीत म्हणजे घरांमागच्या गल्लीत, बाइक लेनमध्ये, बसस्टॉपवर ढकलायचा नाही. नाही केलंत तर दिवसाला ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. वाचताना वाटतं की बस, झालं की, अजून काय पाहिजे. मलाही तसंच वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी आई साताऱ्याहून आली होती, डिसेंबरात आली ती मार्चपर्यंत राहिली. तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. आमच्या घरापासून लायब्ररी अडीच ब्लॉकवर आहे. तिथे ऊब असते, मोठ्या खिडक्या आहेत, लहान मुलांचा गोष्टींचा तास असतो तो तिला ऐकायला आवडायचा, इंग्रजी अर्धंमुर्धं कळलं तरी. तिने पहिले दोन आठवडे रोज हा फेरा मारला. मग जानेवारीत आठ-नऊ इंच पडला. आमच्यासमोर साफ, शेजारच्यांसमोर साफ, त्यापुढच्या सहा घरांसमोर साफ, आणि मग एक रिकामा प्लॉट. त्या प्लॉटचा मालक दुसऱ्या कुठल्यातरी राज्यात राहतो असं शेजारी सांगतात, मी त्याला कधी पाहिलेलं नाही. तिथे पंचवीस फूट गुडघाभर बर्फ. लोकांनी तुडवून त्याची एक पायवाट केली, दिवसा थोडं वितळलं, रात्री गोठलं, आणि दोन दिवसांत तिथे वेड्यावाकड्या पावलांच्या ठशांचा कडक बर्फ झाला, ज्यावरून मीसुद्धा हात पसरून चालायचे.

मी एक दिवस बसने घरी येत होते आणि खिडकीतून मला आई दिसली, रस्त्यावरून चालत येणारी. साइडवॉकवर नाही, गाड्यांच्या लेनमधून, एका बाजूला प्लाऊने, म्हणजे बर्फ बाजूला सारणाऱ्या ट्रकने, लोटलेला बर्फाचा ढीग आणि दुसऱ्या बाजूने अंगाला खेटून जाणाऱ्या गाड्या, आणि मागचा एक गाडीवाला हॉर्न मारतोय. तिला काही झालं नाही. पण त्या संध्याकाळी तिला म्हटलं, आई, आता बाहेर जाऊ नकोस, स्नो वितळेपर्यंत. ती बरं म्हणाली आणि तिने वाद घातला नाही, जे तिच्या स्वभावात नाही. त्यानंतर पाच आठवडे ती घरात होती. गुडघा आखडला, झोप बिघडली. आणि मी दर वेळी आमच्यासमोरचा साइडवॉक काँक्रीट दिसेपर्यंत खरडत होते. माझ्या त्या कष्टांचा माझ्या स्वतःच्या आईला काडीचा उपयोग नव्हता. हे तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं.

चालणाऱ्याला तुमच्या दारासमोरच्या पंचवीस फुटांशी घेणंदेणं नसतं, त्याला सलग वाट लागते. आणि सलग वाट ही घराघरावर सोडून मिळत नाही, हे साधं गणित आहे. शिकागोत जुन्या वस्तीतला ठरलेला प्लॉट २५ फूट रुंद असतो आणि लांबीच्या बाजूचा ब्लॉक साधारण ६६० फुटांचा, म्हणजे मैलाचा आठवा भाग. म्हणजे एका ब्लॉकच्या एका बाजूला पंचवीसच्या आसपास मालक आले. आता समजा आपली वस्ती खूप चांगली आहे आणि प्रत्येक घर वेळेत शॉव्हल करण्याची शक्यता ९० टक्के आहे. तर पंचवीसच्या पंचवीस घरांनी केलेलं असण्याची शक्यता किती? ७ टक्के. चला, ९५ टक्के धरा, तरी अख्खा ब्लॉक साफ मिळायची शक्यता २८ टक्क्यांच्या आत. ९८ टक्के लोक शिस्तीचे असले तरी ६० टक्के. हा एका ब्लॉकचा हिशोब झाला, लायब्ररी अडीच ब्लॉकवर आहे. गणित ढोबळ आहे मान्य, सगळी घरं अशी एकमेकांपासून सुटी वागत नाहीत, एकाचं बघून दुसरा करतो. पण मुद्दा तोच राहतो, की शंभरातले नव्वद लोक चांगले वागले तरी व्हीलचेअरवरच्या माणसाला वाट मिळत नाही, कारण त्याला थांबवायला एकच घर पुरतं. म्हणून मी आता शेजाऱ्यांच्या नावाने बोटं मोडणं सोडलंय. लोक वाईट आहेत म्हणून हे होत नाहीये, कामाची वाटणीच अशी केलीय की ते होणारच.

गाड्यांच्या रस्त्याबद्दल आपण असा विचार करून बघा. उद्या सिटी म्हणाली की तुमच्या घरासमोरचा रस्ता तुम्हीच प्लाऊ करा, प्रत्येकाने आपापले पंचवीस फूट, तर लोक हसतील. कारण मध्येच एका घराने केलं नाही तर गाडी अडकेल हे कोणालाही कळतं. मग चालणाऱ्याच्या बाबतीत तेच का कळत नाही?

आणि यात एक गोष्ट तर मला खरंच अन्यायाची वाटते. रस्त्यावरून प्लाऊ जातो तेव्हा बर्फ बाजूला लोटत जातो, तो जातो कुठे? कडेला, आणि कॉर्नरला. म्हणजे बरोब्बर जिथे माणूस साइडवॉकवरून रस्ता क्रॉस करायला उतरतो तिथे. सकाळी सहाला एखाद्याने कॉर्नरचा रॅम्प साफ केला की आठला प्लाऊ येऊन त्यावर दोन-अडीच फुटांची भिंत घालून जातो, आणि ती भिंत साध्या ताज्या स्नोची नसते, मीठ, चिखल, गोठलेले गोळे, सगळं एकत्र, ओला सिमेंट उचलल्यासारखं जड. कायद्याने ती परत फोडायची कॉर्नरच्या घरवाल्याने. म्हणजे सार्वजनिक यंत्राने सार्वजनिक रस्ता साफ करताना केलेला ढीग एका खाजगी माणसाने फावड्याने उपसायचा. आमच्या कॉर्नरला राहणारी पोलिश आजी ऐंशीच्या पुढची आहे. नवरा होता तोपर्यंत तो करायचा, आता ती एका मुलाला पैसे देते, तो येतो तेव्हा येतो.

शॉव्हलिंगला आपण व्यायाम समजतो, तसं ते नाहीये. थंडीत रक्तवाहिन्या आखडलेल्या, श्वास रोखून अचानक जड वजन उचलायचं, तेही हाताने आणि कंबरेतून. अमेरिकेत १९९० ते २००६ या सतरा वर्षांचा एक अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की बर्फ काढताना दुखापत होऊन किंवा त्रास होऊन वर्षाला सरासरी ११,५०० लोक इमर्जन्सीत पोचतात आणि वर्षाला शंभराच्या आसपास माणसं दगावतात, ती जवळपास सगळी हृदयाने. आपल्या भारतीय माणसांना हृदयाचा त्रास लवकर होतो हे तर आपल्याला घरोघरी माहीत आहे. पंचावन्न-साठीचे आपले काका लोक, बीपीच्या गोळ्या चालू, दिवसभर खुर्चीत बसून काम, आणि सकाळी दंड नको म्हणून घाईघाईने फावडं घेऊन बाहेर. मला हे बघून भीती वाटते.

यावर सिटीचं एक उत्तर आहे, स्नो कोअर म्हणून. ज्यांना जमत नाही अशा वयस्कर आणि अपंग लोकांनी ३११ या सिटीच्या फोन नंबरला सांगायचं आणि मदत करू इच्छिणाऱ्या लोकांशी त्यांची गाठ घालून दिली जाते. मी यात दोन हिवाळे नाव दिलं होतं आणि मला ते आवडलं होतं, ज्या घरी जायचे तिथल्या आजोबांशी ओळख झाली, ते आत बोलवून कॉफी द्यायचे. पण ज्या दिवशी सगळ्यात जास्त स्नो पडतो त्याच दिवशी माझं स्वतःचं घर असतं, मुलांची शाळा असते, ऑफिस असतं, आणि त्या आजोबांना दुपारी डायलिसिसला जायचं असतं. माझी बस लेट झाली की त्यांची अपॉइंटमेंट जाणार. एखाद्याचं डॉक्टरकडे पोचणं हे दुसऱ्याच्या सवडीवर आणि चांगुलपणावर अवलंबून ठेवणं बरोबर नाही, चांगुलपणा कितीही खरा असला तरी.

आता कोणी म्हणेल सिटीला जमत नसेल. जमतं. गाड्यांसाठी कसं जमतं बघा. आणि त्यामागे इतिहास आहे. १९७९ च्या जानेवारीत, १३ आणि १४ तारखेला, शिकागोत प्रचंड हिमवादळ झालं. मेयर होते मायकेल बिलँडिक, रिचर्ड डेली १९७६ मध्ये वारल्यावर ते आले होते. रस्ते दिवसेंदिवस बंद राहिले, कचरा साठला, मेयरनी सांगितलं की शाळांचे पार्किंग लॉट साफ केलेत तिथे गाड्या लावा, आणि लोक गेले तर तिथे बर्फ तसाच. वर एल ट्रेन्स, म्हणजे शहरातल्या लोकल गाड्या, वेळेत चालवायच्या म्हणून कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधली काही स्टेशनं न थांबता सोडून द्यायला लागले, प्लॅटफॉर्मवर माणसं थंडीत उभी आणि गाडी समोरून निघून जातेय. त्या वस्त्यांनी ते लक्षात ठेवलं. फेब्रुवारीच्या शेवटी डेमोक्रॅटिक प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, झाली, त्यात जेन बर्न यांनी बिलँडिकना हरवलं आणि त्या शिकागोच्या पहिल्या महिला मेयर झाल्या. त्याच्या दहा वर्षं आधी, १९६९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला जॉन लिंडसे यांचंही असंच झालं होतं, क्वीन्समधले रस्ते कित्येक दिवस साफ झाले नाहीत आणि लोक त्यांच्यावर इतके चिडले की त्या वादळाला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

तेव्हापासून इथे कुठलाही मेयर असो, अंदाज आला रे आला की मिठाचे ट्रक बाहेर. प्लाऊ कुठे फिरतायत ते नकाशावर लाइव्ह बघता येतं. १ डिसेंबर ते १ एप्रिल मोठ्या रस्त्यांवर रात्री ३ ते सकाळी ७ पार्किंग बंद, स्नो असो वा नसो, का तर प्लाऊला रस्ता मोकळा पाहिजे. म्हणजे इच्छा असली की यंत्रणा उभी राहते. फक्त ती इच्छा गाडी चालवणाऱ्यांच्या रागातून आलेली आहे. ज्या आजी घसरून पडल्या त्यांचा राग मतपेटीपर्यंत पोचत नाही, मतदान फेब्रुवारीत असतं आणि त्या घराबाहेर पडूच शकत नाहीत.

बाहेरच्या शहरांकडे बघा. माँट्रियलमध्ये आपल्यापेक्षा कितीतरी जास्त बर्फ पडतो, आणि तिथे रस्ते आणि साइडवॉक मिळून सुमारे १०,००० किलोमीटर शहरच साफ करतं. साइडवॉकसाठी अरुंद पट्ट्याच्या चाकांची छोटी वाहनं आहेत, आणि मोठा स्नो झाला तर नुसता बाजूला लोटत नाहीत, ट्रकात भरून उचलून नेतात, त्यातला बराचसा फ्रॅंकॉन नावाच्या जुन्या दगडखाणीत टाकतात. टोरांटोत पूर्वी बाहेरच्या भागांत सिटी साइडवॉक साफ करायची आणि मधल्या जुन्या वस्तीत, जिथे साइडवॉक अरुंद, तिथे घरमालकांनी करायचं असं होतं. २०२१ मध्ये त्यांनी ठरवलं की सगळीकडे आम्हीच करणार आणि त्यासाठी लहान यंत्रं घेतली. तिथेही तक्रारी आहेत, २०२५ च्या फेब्रुवारीत लागोपाठ वादळं आली तेव्हा कित्येक दिवस साइडवॉक बंद होते आणि लोक सिटीवर भडकले होते. पण तोच फरक आहे ना! तिथे भडकायला एक पत्ता आहे. इथे मी कोणावर भडकू, दुसऱ्या राज्यातल्या त्या प्लॉटवाल्यावर? आणि अमेरिकेत होऊ शकत नाही असंही कोणी म्हणू नये, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला शिकागोच्या दुपटीहून जास्त स्नो पडतो, तिथे सिटीचे साइडवॉक प्लाऊ फार जुन्या काळापासून फिरतात, आणि त्याची फी तुमच्या प्लॉटच्या दर्शनी लांबीप्रमाणे टॅक्सबिलात लागते. घरमालकाची जबाबदारी कायद्याने तिथेही गेलेली नाही, पण मोठं काम यंत्र करतं आणि उरलेलं माणूस.

स्वीडनमध्ये कार्लस्कोगा म्हणून एक छोटं गाव आहे, त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला, की आपण आधी काय साफ करतो आणि त्याचा फायदा कोणाला होतो. आधी मोठे रस्ते, मग लहान, मग शेवटी पायवाटा आणि सायकलवाटा, असा क्रम होता. गाडीने जाणारे जास्त करून पुरुष, आणि चालत, बसने, मुलांना पाळणाघरात सोडून जाणाऱ्या जास्त करून बायका. आणि तीन इंच स्नोमधून गाडी जाते, स्ट्रोलर जात नाही. बर्फावर घसरून हॉस्पिटलात येणारेही चालणारेच जास्त, त्यातही बायका जास्त. तर त्यांनी क्रम उलटा केला, आधी पायवाटा. खर्च त्यासाठी वाढवावा लागला नाही, तेवढाच बर्फ, तेवढीच यंत्रं, फक्त क्रम बदलला. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होते.

आता पैशाचा मुद्दा. तो खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. शिकागोच्या तिजोरीची अवस्था आपल्याला माहीत आहे, पेन्शनचं ओझं आहे, आणि साइडवॉक हजारो मैल आहेत. पण साइडवॉक साफ करायचा खर्च आजही होतोच आहे, फक्त तो बजेटमध्ये दिसत नाही. प्रत्येक घरातलं फावडं, मिठाची पोती, तीन-चारशे डॉलरचा स्नोब्लोअर जो वर्षाला आठ-दहा वेळा चालतो, ज्याला जमत नाही तो दर वेळी माणसाला देतो ते पैसे, मोडलेलं मनगट, मोडलेला खुबा, न गेलेल्या अपॉइंटमेंट. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की त्या घराचं पुढे काय होतं हे आपल्यातल्या प्रत्येकाने कुठे ना कुठे बघितलेलं आहे. हे सगळं एका ठिकाणी मांडून मग सिटीच्या यंत्रांचा खर्च शेजारी लिहा, आणि मग महाग काय ते ठरवू.

शिवाय पहिल्याच वर्षी सगळं शहर करा असं कोणी म्हणत नाहीये. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारी ऍक्सेस लिव्हिंग आणि बेटर स्ट्रीट्स शिकागो या संस्थांनी ही मागणी लावून धरली, आणि २०२३ च्या जुलैमध्ये सिटी कौन्सिलने काही भागांत प्रयोग कसा करायचा हे ठरवायला एक वर्किंग ग्रुप करायला मंजुरी दिली. मला हीच पद्धत बरोबर वाटते, काही वस्त्या घ्या, जिथे म्हातारी माणसं जास्त आहेत, गाड्या कमी आहेत, बसवर लोक जास्त अवलंबून आहेत, तिथे दोन-तीन इंचांच्या वर पडला की यंत्र फिरवा आणि काय होतं ते बघा. अडचणी येतीलच. आमच्या ब्लॉकवर झाडांच्या मुळांनी साइडवॉकच्या फरश्या वर उचलल्यात, त्यात प्लाऊची धार अडकेल. गवताच्या कडा खरवडल्या जातील, लोक तक्रार करतील. पण उचललेल्या फरश्या व्हीलचेअरला बाराही महिने अडवतात, त्या दुरुस्त करायला या निमित्ताने तरी कोणी हात घालेल.

मिठाबद्दल मात्र मला काळजी वाटते. आत्ता प्रत्येक घर अंदाजाने मीठ टाकतं, पायरीवर मुठी-मुठीने, आणि फार थंडी पडली, म्हणजे साधारण १५ फॅरनहाइटच्या खाली गेली, की साधं मीठ जवळपास कामच करत नाही, तरी लोक अजून टाकत राहतात. ते सगळं नाल्यातून पाण्यात जातं आणि परत काढता येत नाही, एक चमचा मीठ पाच गॅलन गोडं पाणी खराब करायला पुरतं. सिटीने काम हातात घेतलं तर आधी खरवडून मग मोजून मीठ, जास्त थंडीत नुसती वाळू, हे शिकवता येतं. दहा लाख हातांना शिकवता येत नाही.

मग रहिवाशांनी काहीच करायचं नाही का? करायचं, आणि भरपूर. यंत्र आपल्या पायऱ्यांवर येणार नाही, गेटपासून साइडवॉकपर्यंतची वाट आपलीच. समोर फायर हायड्रंट असेल तर तो मोकळा ठेवणं आपलं, आग लागली तर तो शोधत बसायला वेळ नसतो. प्लाऊ गेल्यावर उरलेला पातळ थर खरवडणं आपलं. छताच्या पन्हळीचा पाइप साइडवॉकवर सोडलेला असतो, त्याचं पाणी रात्री गोठून ब्लॅक आइस होतं, जे दिसतही नाही, आणि सगळ्यात वाईट पडणं त्यावरच होतं, तो पाइप वळवणं शंभर टक्के आपलं. आणि आपला बर्फ उचलून दुसऱ्याच्या वाटेत न टाकणं.

अजून एक गैरसमज मी सगळीकडे ऐकते, आपल्या लोकांकडून तर फारच, की साफ करूच नका, केलंत आणि कोणी पडला तर तुमच्यावर केस होते, न केलेलंच सेफ. इलिनॉयमध्ये १९७९ पासून याच्यासाठी वेगळा कायदा आहे. राहत्या घरासमोरचा साइडवॉक तुम्ही साफ करायचा प्रयत्न केलात आणि तरी कोणी घसरलं, तर मुद्दाम किंवा बेफिकीरीने काही केलेलं नसेल तोवर तुम्हाला जबाबदार धरत नाहीत. म्हणजे कायदा तुम्हाला करा म्हणून पाठीशी उभा आहे. न्यूयॉर्क सिटीत गोष्ट वेगळी, तिथे २००३ पासून साइडवॉकवरच्या अपघाताची जबाबदारी बहुतेक मालकांवर टाकलीय, मालक स्वतः राहतो अशी तीन कुटुंबांपर्यंतची घरं सोडून. तिकडचं ऐकून इकडे घाबरू नका.

एका मित्राशी यावर बोलत होते तर तो म्हणाला, अगं, गाडगेबाबांनी काय सरकारची वाट बघितली का, हातात खराटा घेतला आणि झाडायला लागले. मला ते लागलं, कारण मी त्याच संस्कारातली आहे. पण नंतर विचार केला की बाबा झाडायचे ते काय स्वतःचं अंगण का? त्यांना अंगणच नव्हतं. ते ज्या गावात जायचे त्या गावाचा रस्ता झाडायचे, सगळ्यांचा. आणि महाराष्ट्राने त्यांच्या नावाने स्वच्छता अभियान केलं तेव्हा ते घराघराला दंड लावून केलं नाही, ग्रामपंचायतीला पुढे करून, अख्ख्या गावाला मिळून बक्षीस ठेवून केलं. गाव स्वच्छ झालं तर सगळ्या गावाचं. मला साइडवॉकचं तेच म्हणायचंय, की त्याचे तुकडे करू नका.

इथे लोक कष्टाला मागे हटत नाहीत हे मी रोज बघते. गाडी बाहेर काढायला दोन-दोन तास खणतात आणि मग ती जागा राखायला तिथे जुन्या खुर्च्या ठेवतात, त्याला डिब्स म्हणतात, शिकागोचा हा फार जुना रिवाज आहे, आणि मला त्या माणसाचा राग येत नाही, त्याने घाम गाळलाय. पण त्याच माणसाची आई बसस्टॉपवर जायला निघाली तर तिच्यासाठी राखलेली जागा कुठे आहे?

यात आपल्याला करता येण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि ती हिवाळ्यात करायचीच नाहीये. सिटीचं बजेट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चर्चेला येतं आणि ३१ डिसेंबरच्या आत मंजूर व्हावं लागतं. तेव्हा झाडांवर पिवळी-लाल पानं असतात, हवा छान असते, आपण दिवाळीच्या गडबडीत असतो, बर्फ कोणाच्या डोक्यात नसतो. जानेवारीत आपण चिडतो तेव्हा पैसे वाटून झालेले असतात. पन्नास वॉर्ड आहेत, प्रत्येकाचा एक ऑल्डरपर्सन, म्हणजे नगरसेवक, त्यांच्या ऑफिसात कोणीही जाऊ शकतं. मागच्या ऑक्टोबरात मी आणि कॉर्नरच्या पोलिश आजी, आम्ही दोघी गेलो होतो. माझ्याकडे त्या रिकाम्या प्लॉटसमोरचे फेब्रुवारीतले फोटो होते, आजींकडे हातावरचं प्लास्टर काढल्याचा कागद. आत बसलेल्या मुलीने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं की या विषयावर या महिन्यात अजून कोण आलं होतं ते बघते, आणि तिने वही चाळली. आमच्या आधी कोणीच आलं नव्हतं. या ऑक्टोबरात आम्ही परत जाणार आहोत, आणि आमच्या ब्लॉकवरची अजून सात घरं येतो म्हणालीयेत.